जानेवारीच्या थंडीत चार-पाच दिवसांचा गाडीप्रवास आहे. पाळलेले टॅरेंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, नव्या घरी सुखरूप कसे न्यावेत?

तुमचा प्रश्न वाचला. जानेवारीत मिनिआपोलिसहून सिॲटलला बिऱ्हाड हलवताय, स्वतःच्या गाडीने, आणि सोबत ११ टॅरेंटुला आहेत. चार पूर्ण वाढलेले, सात पिल्लं. थंडीने मरतील या भीतीने २० हीट पॅक मागवून ठेवलेत. ते २० पॅक वाचले आणि राहवलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही डेट्रॉइटहून शिकागोला राहायला आलो. जेमतेम पाच तासांचा रस्ता, बाहेर उणे ११ अंश. तेव्हा माझ्याकडे तीनच टॅरेंटुला होत्या. त्यातली सोनी, चाको गोल्डन नी जातीची, पायांच्या गुडघ्यांवर सोनेरी पट्टे असलेली, आठ वर्षं माझ्याजवळ होती. मी तिघींचे डबे पिकनिकच्या कूलरमध्ये ठेवले, हात शेकायचे दोन हीट पॅक रुमालात गुंडाळून बाजूला सरकवले आणि झाकण घट्ट लावलं. वरून गाडीचा हीटर चालूच होता. शिकागोला पोचून झाकण उघडलं तेव्हा गरम हवा तोंडावर आली. सोनीचा डबा पॅकला टेकलेला होता. डब्याचा तळ हाताला चांगलाच गरम लागला आणि आत तिचे आठही पाय पोटाखाली मुडपलेले होते. मी रात्रभर तिच्याजवळ बसले. ती परत हलली नाही. या जातीच्या माद्या वीस वर्षंसुद्धा जगतात. बाहेर बर्फ पडत होता आणि माझी सोनी उष्णतेने गेली. तुमच्याकडे असं होऊ नये एवढ्यासाठी हे सगळं लिहितेय.

असं का झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप पटेल. टॅरेंटुलाचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. भोवतालचं तापमान तेच त्याचं तापमान. पंधरा-सोळा अंशांवर तो सुस्तावतो, पाय आखडून बसतो, आणि काही तास तसा राहिला तरी बहुतेक जातींना इजा होत नाही. गोठवणारी थंडी मारते, हे खरंच. पण वरच्या बाजूला एवढीही सवलत नाही. चाळिशीच्या आसपास बंद डब्यात कोंडला तर काही तासांत खेळ संपतो. हीट पॅकमध्ये लोखंडाची पूड असते, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजते आणि गंजताना तापते. हात शेकायचे पॅक पन्नास अंशांच्या वर जातात. प्राणी पाठवायला वापरतात ते ४० किंवा ७२ तास चालणारे पॅक वेगळे असतात. ते मंद तापतात, तरी चाळिशीच्या घरात असतातच. म्हणून आधी तुमचे पॅक कुठले आहेत ते बघा.

दुसरं कारण पाण्याचं. टॅरेंटुलाला पाय मुडपायला स्नायू असतात, पण पायांचे दोन मुख्य सांधे सरळ करायला स्नायूच नसतात. ते काम रक्ताच्या दाबावर चालतं. शरीरातलं पाणी घटलं की दाब घटतो आणि पाय आत वळतात. हिवाळ्यात गाडीच्या हीटरची हवा कोरडी, हॉटेलातली त्याहून कोरडी. मोठा कोळी चार-पाच दिवस सहज काढतो. तुमची सात पिल्लं नाही काढणार, आणि तुमची खरी काळजी तिथे असू दे.

आता गाडीचं. तुम्ही त्यांना पार्सलने पाठवत नाही आहात, तुम्ही स्वतः सोबत बसणार आहात. मग ऊब देणारी वस्तू म्हणजे तुमची गाडीच. आतलं तापमान २१-२२ अंश ठेवा. स्वेटर घालून तुम्हाला बरं वाटतं तेवढं त्यांनाही बरं वाटतं. जाड थर्माकोलची पेटी घ्या. ती ऊब देत नाही, बदल हळू होऊ देते, आणि आपल्याला तेवढंच हवंय. पेटी मागच्या सीटखाली पायांच्या जागेत ठेवायचा मोह होईल, कारण ती तिथे घट्ट बसते. पण बऱ्याच गाड्यांत हीटरची गरम हवा तिथेच सुटते. सीटवर ठेवा, पट्टा लावा, उन्हाच्या बाजूला नको. सेन्सरची वायर असलेला दहा-बारा डॉलरचा थर्मामीटर आणा, सेन्सर डब्यांच्या मधोमध आणि आकडा डोळ्यांसमोर. नंतर एका हिवाळ्यात आम्ही शिकागोहून सिॲटलला आलो, तेव्हा साऊथ डाकोटात जेवायला चाळीस मिनिटं थांबलो, गाडी बंद करून. बाहेर उणे १८. परत आलो तर गाडी गारठलेली होती, पण पेटीच्या आत २१ वरून १७ वरच आलं होतं. त्यानंतर मात्र जेवताना पेटी सोबत आत नेली. उतरताना ती पांघरुणात गुंडाळा आणि दारापर्यंत जा, एवढंच. काचेच्या टाक्या घेऊन गेलं तर कोणी ना कोणी विचारतं, थर्माकोलच्या खोक्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

हीट पॅक टाकून देऊ नका. ७२ तासवाले दोन जवळ ठेवा, गाडी रस्त्यात बंद पडली किंवा बर्फात अडकलात तर. तेव्हा पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, डब्यांपासून लांब, आणि झाकण फटीएवढं उघडं ठेवा. त्याआधी एक साधा उपाय करून बघा. अंगाला लावल्यावर कोमट वाटेल अशा पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. ती फक्त थंड होत जाणार, तापत जाणार नाही.

बांधाबांध निघायच्या आदल्या दिवशी करा. कोणालाही त्याच्या नेहमीच्या घरात ठेवून नेऊ नका. धक्क्याने माती सरकते आणि कोळी खाली दबतो, पाण्याची वाटी सांडते, लाकडाचा ओंडका अंगावर येतो. जमिनीवर राहणाऱ्या जड जातींचं पोट म्हणजे पाण्याने भरलेला फुगा समजा. हातभर उंचीवरून पडलं तरी फुटू शकतं. त्यामुळे डबा लहान हवा. पाय किंचित मुडपून बसता येईल एवढाच, हॉटेलातून सूप येतं त्या गोल पारदर्शक डब्यासारखा. झाकणाला आणि बाजूंना दाभण तापवून भोकं पाडा. बाहेरून आत पाडली तर कडा आत राहतात आणि पायाला लागतात, म्हणून आतून बाहेर पाडा. तळाला पेपर टॉवेल, भिजवून घट्ट पिळलेला. थेंब गळता कामा नये, थंडी आणि ओल एकत्र नको. त्यावर कोरड्या टॉवेलचे चुरगळलेले बोळे सगळीकडून, इतके की डबा कलला तरी तो घसरणार नाही. पाण्याची वाटी नाही, खाणं नाही. निघायच्या आठवडाभर आधी खाणं थांबवा, भरल्या पोटी प्रवास वाईट. पाणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत भरपूर.

पिल्लांना औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या बाटल्यांत, तळाला ओला बोळा. भोकं दोन-तीनच, कारण हिवाळ्यात जास्त भोकं म्हणजे जास्त कोरडं. रोज रात्री हॉटेलात सुईच्या सिरिंजने, सुई काढून, भोकातून बोळ्यावर दोन थेंब सोडा. झाकण उघडू नका.

पकडायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. वरून डबा, मागून मऊ ब्रश, खालून पुठ्ठा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जाती चिडल्या की पोटावरचे केस उडवतात, ते डोळ्यात गेले तर महिनोन्महिने त्रास देतात, म्हणून चष्मा घाला. तुम्ही लिहिलेला पोसिलोथेरिया रिगॅलिस मात्र सगळ्यात शेवटी घ्या. तो आपल्या सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहणारा, अंगावर करड्या-पांढऱ्या नक्षीचा. त्याच्याकडे केस नाहीत, वेग आणि विष आहे. चावला तर माणसाचा जीव जात नाही, पण स्नायूंना पेटके येतात आणि ते कित्येक दिवस टिकू शकतात. मी तो बाथरूममध्ये पकडते. जाळीवर बूच, दाराखाली टॉवेल, घरातलं दुसरं कोणी आत नाही. त्याला उभा डबा द्या, आत सालीचा एक तुकडा, टेकायला.

एक नियम कानावर घालते. काही लोक सुचवतील की पिल्लं आधी टपालाने पाठवून द्या. अमेरिकेच्या सरकारी टपालात कोळी पाठवायला बंदी आहे. आणि पोसिलोथेरियाच्या श्रीलंकेतल्या पाच जाती २०१८ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आहेत, राज्याबाहेर त्यांची विक्री करता येत नाही. रिगॅलिस त्यात नाही आणि तुम्ही विकतही नाही आहात, तरी खरेदीच्या पावत्या हाताशी ठेवा.

तुम्ही फार्गो, बिस्मार्कवरून आय-९४ हायवेने याल आणि बिलिंग्जला आय-९० ला लागाल. आम्ही शिकागोहून सगळा आय-९० च केला. सू फॉल्स, रॅपिड सिटी, बिलिंग्ज, मिझूला असे चार मुक्काम. उन्हाळ्यात लोक हेच तीन दिवसांत करतात. हिवाळ्यात करू नका. त्या सपाट भागात हिमवादळ आलं की हायवेला फाटकं लावून रस्ता बंद करतात. आम्ही रॅपिड सिटीत एक दिवस जास्त अडकलो, आणि चार दिवसांचं पाणी मोजून नेलं असतं तर पिल्लं अडचणीत आली असती. तुम्ही दोन दिवस जास्तीचे धरा. हॉटेलात खिडकीखाली भिंतीला हीटर असतो, सामान ठेवायला त्याच्यासमोरचीच जागा रिकामी दिसते. पेटी तिथे नको. मी बाथरूमच्या ओट्यावर ठेवायचे, थर्मामीटरसकट, झाकण अर्धं उघडून.

वाटेत कोणी पाय जवळ घेऊन निपचित बसलेला दिसला तर लगेच हाय खाऊ नका. गारठलेला टॅरेंटुला अगदी मेल्यासारखा दिसतो. खोलीच्या तापमानाला पाच-सहा तास राहू द्या, फुंकर घालू नका, शेकू तर मुळीच नका. पाय पूर्ण पोटाखाली गेले असतील तर तो तहानलेला असू शकतो. एका झाकणात अगदी उथळ पाणी घेऊन तोंड, म्हणजे विषदंतांच्या खालची जागा, पाण्याला टेकेल असं बसवा.

रिकाम्या काचपेट्या सामानाच्या ट्रकमधून जाऊ द्या, माती मात्र टाकून द्या. ट्रकचा मागचा भाग गरम नसतो, ओली माती दगडासारखी गोठते आणि वितळायला दिवस लागतो. सिॲटलला पोचल्यावर कोरडी नवी माती कोमट पाण्याने भिजवा, काचपेटी एक रात्र घरात ठेवा, मग कोळी सोडा. डबा काचपेटीत आडवा ठेवून झाकण काढा आणि तिथून जा. माझी एक टॅरेंटुला पूर्ण रात्रभर डब्याबाहेरच आली नाही. पाणी पहिल्याच दिवशी, खाणं आठवड्याने.

आता तुमची ती मेक्सिकन रेडनी, दोन महिने काही खात नाही म्हणता. तिच्या पोटावर मागच्या बाजूला केस गेलेला पट्टा आहे का बघा. तिथली कातडी गुलाबी, फिकट असेल तर उपास आहे, चालेल. काळीभोर, ताणलेली दिसत असेल तर ती कातीवर आली आहे. कात टाकताना ती पाठीवर उलटी पडते, तासन्तास तशीच असते आणि नंतर दोन आठवडे तरी अंग मऊ असतं. त्या अवस्थेत गाडीचा एक धक्का पुरे. तसं असेल तर तिला नेऊ नका. मिनिआपोलिसमध्ये पाळणारा ओळखीचा कोणी असेल त्याच्याकडे एप्रिलपर्यंत राहू दे, कातीनंतर विषदंत पुन्हा काळे झाले, म्हणजे अंग टणक झालं, की न्या. आज रात्री टॉर्च लावून तो पट्टा बघा आणि रंग कसा दिसतो ते इथे कळवा.