सायकल कोणती घेऊ आणि सायकलवाल्यांपैकी नक्की कोणाचं ऐकू?

तुमचं म्हणणं असं की वय ४४, राहायला वारजे, ऑफिस बाणेरला, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६ च्या वर गेलीय म्हणून डॉक्टरांनी हालचाल वाढवा सांगितलंय, सायकल घ्यायची ठरवलीय, पण सोसायटीच्या सायकल ग्रुपवर विचारलं तर एकजण म्हणतो रोडबाईकच (बारीक टायरची, वेगाची) घ्या, दुसरा म्हणतो पुण्याच्या खड्ड्यात एमटीबीशिवाय (जाड टायरची डोंगरी सायकल) जमायचं नाही, तिसरा म्हणतो थोडे थांबा पण हलक्या कार्बन फायबरचीच घ्या, आणि चौथा म्हणतो या ट्रॅफिकमध्ये सायकल नकोच, जिम लावा. आता यातलं कोणाचं ऐकायचं?

मी गेली अकरा वर्षं पुण्यात सायकल चालवतोय, आठवड्यातले चार दिवस ऑफिसला आणि रविवारी घाटात, आणि मला विचाराल तर हे चौघंही खरंच बोलतायत. फक्त प्रत्येकजण स्वतःच्या रस्त्याबद्दल बोलतोय. त्यामुळे सायकलवाल्याने मत दिलं की पहिलं त्याला विचारायचं, दादा तुम्ही चालवता कुठे, किती वाजता, आणि एका वेळी किती तास. रोडबाईक सांगणारा माणूस बहुतेक रविवारी पहाटे साडेपाचला खडकवासल्यावरून पानशेतच्या बाजूला जातो आणि नऊच्या आत घरी येतो, त्याला तेव्हा रस्ता मोकळा मिळतो आणि त्याला वेग हवा असतो, त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) करणाऱ्याला विचारा, तो सायकलीच्या वजनावर बोलणारच नाही, तो सीट आणि दिव्यावर तासभर बोलेल, कारण त्याला २०० किलोमीटर साडेतेरा तासात, ३०० वीस तासात, ४०० सत्तावीस तासात आणि ६०० चाळीस तासात पुरे करायचे असतात आणि रात्री दोन वाजता अंधाऱ्या हायवेवर अर्धा किलो वजन कमी असून काय उपयोग, समोरचा खड्डा दिसला पाहिजे. दर चार वर्षांनी पॅरिस ब्रेस्ट पॅरिसला जाणारे लोक तर १२०० किलोमीटर ९० तासात करतात, त्यांच्या सायकली नीट बघा, मडगार्ड लावलेले असतात, बॅगा लटकवलेल्या असतात.

तुम्ही यातले कोणीच नाही. तुमचा रस्ता वारजे ते बाणेर, वेळ सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी सात, पाठीवर किंवा कॅरिअरवर लॅपटॉप, आणि मध्ये चांदणी चौक, म्हणजे जाताना पण चढ आणि येताना पण चढ. मग सायकल या रस्त्याला लागते ती घ्यायची, ग्रुपला आवडते ती नाही. माझ्या मते साधी अ‍ॅल्युमिनियमची हायब्रीड (रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली), पुढे सस्पेन्शन नसलेला सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ३२ ते ३८ मिमीचे टायर, मागच्या कॅसेटला (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांना) ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी चकती, आणि मडगार्ड-कॅरिअर बसवायला फ्रेमला भोकं. पुढचा स्वस्तातला सस्पेन्शन फोर्क म्हणजे दीड-दोन किलो जास्तीचं वजन, चढावर तुमची ताकद तो खाली-वर होण्यातच घालवतो आणि दोन पावसाळ्यात जाम होतो. खड्ड्यांसाठी सस्पेन्शनपेक्षा रुंद टायर आणि बेताची हवा जास्त कामाची. तुमचं वजन ७५ च्या आसपास असेल तर ३२ च्या टायरला हवेचा दाब साठ पीएसआयच्या जवळपास ठेवा. नवीन माणसं टायर दगडासारखा टणक करतात आणि मग हात बधिर झाले म्हणून हँडल बदलत बसतात.

ब्रेक डिस्क (चाकाच्या मध्यावरची चकती पकडणारे) असावेत असं मी म्हणेन कारण तुम्ही जूनमध्ये पण चालवणार आहात ना. ओल्या रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर, रबरी ब्रेक दाबला की पहिल्या क्षणी तो फक्त पाणी पुसतो, पकड नंतर येते, आणि चांदणी चौकाच्या उतारावर तो एक क्षण फार मोठा असतो. उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर रिम ब्रेक उत्तम चालतात, त्याला कोणी नावं ठेवायचं कारण नाही.

बजेट तुम्ही ऐंशी हजार लिहिलंय. एवढे लागत नाहीत हो. तीस-पस्तीस हजारात वर सांगितलेली सायकल येते, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि पार्ट्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. उरलेल्या पैशातले चार-पाच हजार पुढच्या-मागच्या दिव्यांवर, दोन-तीन हजार हेल्मेटवर, प्रेशर दाखवणारा उभा पंप एक, आणि दोन जास्तीच्या ट्यूब. घेताना वॉल्व्ह कुठला आहे ते बघा, बारीक प्रेस्टा असेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येणार नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, पन्नासएक रुपयांचा असतो, तो खिशात टाकून ठेवा. कार्बनबद्दल एवढंच की ज्याला सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ एक मिनिट कमी वेळात मारायचाय त्याने खुशाल घ्यावी. लॅपटॉपच्या बॅगेसकट ऑफिसच्या पार्किंगमध्ये बाईकना खेटून ती लावायची हे माझ्या जिवाला लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून लांबण लावतो. फ्रेमची साइझ. माझी उंची पाच फूट पाच इंच. पहिली सायकल घ्यायला गेलो तेव्हा दुकानात ५६ सेंटीमीटरची फ्रेम शिल्लक होती, डिस्काउंट चांगला देतो म्हणाले, सीट खाली करून दिली आणि बसले की फिट असं सांगितलं. मी पण घेतली. सहा महिन्यात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या खाली दुखायला लागलं, जिना उतरताना कळ यायची. मग ग्रुपवरची मतं सुरू झाली, एकजण म्हणाला गुडघ्याचा पट्टा लाव, एकजण म्हणाला पेडलला अडकणारे क्लीटवाले शूज घे, एकाने सायकलच बंद करायला सांगितली. पैसे गेले, दीड वर्ष गेलं. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला सायकल घेऊनच बोलावलं, भिंतीला टेकून बसवलं आणि दोन मिनिटात सांगितलं की सीट खाली आहे, गुडघा गरजेपेक्षा जास्त वाकतोय, आणि फ्रेम लांब असल्यामुळे हँडल गाठायला तुम्ही पुढे सरकून बसताय म्हणून सगळा भार गुडघ्यावर येतोय. ती सायकल विकली, ५० ची घेतली, सीट वर केली, महिन्याभरात जिना उतरायला लागलो.

तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या, गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलायला नको. मग चालवताना पंजा पेडलवर आला की गुडघा आपोआप हलकासा वाकलेला राहतो. पुढे दुखलं तर सीट बहुतेक खाली आहे, मागे लवणीत दुखलं तर बहुतेक वर आहे, आणि बदल करायचा तर एका वेळी पाच मिमीपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे लहानपणी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय लागलीय, ती मोडायला आठवडा जातो. आणि गिअर हलका ठेवा. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा पाय फिरले पाहिजेत, जड गिअरवर दात-ओठ खाऊन चढ चढणं दिसायला मर्दानी दिसतं पण त्याचं बिल गुडघा भरतो.

फिटनेसबद्दल विचारलंत. सायकलने शुगर जाते का याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी द्यायचं, मी नाही. पण हिशोब बघा, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तुमचा एकेरी प्रवास सुरुवातीला पन्नास मिनिटांचा धरला आणि आठवड्यात तीनच दिवस गेलात तरी ३०० मिनिटं होतात, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढला नाही कारण गाडीने तरी ट्रॅफिकमध्ये तेवढा वेळ जाणारच होता. पहिले तीन महिने घड्याळ, हार्टरेट, स्ट्राव्हा अ‍ॅप सगळं बाजूला ठेवा, एवढंच बघा की चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी. गोळ्या सुरू असतील तर लांबच्या राईडला उपाशी निघायचं नाही आणि हे डॉक्टरांना आधी विचारायचं. तासाभराच्या प्रवासाला पाणी पुरतं. दोन तासांच्या वर मात्र दर तासाला काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मी गूळ-शेंगदाण्याचा लाडू नेतो, आणि उन्हाळ्यात बाटलीत कोकम सरबत मीठ घालून. भूक लागल्यावर खायचं असं केलं की बोपदेव घाटाच्या मधोमध बत्ती गुल होते.

जिमवाल्या मित्राचं एक मात्र ऐका. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, हाडांवर भार येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं आणि पाठ कच्ची राहू शकते. आठवड्यातून दोन वेळा उठाबशा, पाठीचे व्यायाम, थोडं वजन उचलणं हे करायचंच.

राहिला प्रश्न भीतीचा. तुम्ही लिहिलंय की घरातून विरोध आहे आणि हेल्मेटने खरंच काही होतं का. होतं, पण किती होतं ते नीट समजून घ्या. कमी वेगात घसरून डोकं रस्त्यावर आपटलं तर ते वाचवतं, आणि पुण्यात वाळू, ओला रंग, ड्रेनेजचं झाकण यांच्यावरून असं पडणं होतंच. डंपरपासून ते वाचवत नाही. शर्यतीतल्या मोठमोठ्या खेळाडूंचासुद्धा हेल्मेटला विरोध होता, २००३ च्या पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह डोक्याला मार लागून गेला आणि त्याच वर्षी यूसीआयने (जागतिक सायकल महासंघाने) ते सक्तीचं केलं. मी कोपऱ्यावर दूध आणायला जाताना पण घालतो. त्याहून जास्त भरवसा मात्र मला मागच्या लाल दिव्यावर आहे, तो मी दिवसा पण लावतो.

आणि डंपरपासून वाचवणारी गोष्ट दुकानात मिळत नाही, ती महापालिकेकडे मागावी लागते. यावर ग्रुपमध्ये राजकारण नको म्हणतात, मला ते पटत नाही. सातारा रोडला बीआरटीबरोबर (बससाठीच्या वेगळ्या लेनबरोबर) सायकल ट्रॅक झाले होते, आज तिथे गाड्या लावलेल्या दिसतात, मधेच झाड, मधेच डीपीचा डबा. २०१७ च्या शेवटापासून शेअरिंगच्या पिवळ्या-केशरी सायकली आल्या, लोकांनी हौसेने चालवल्या, दोनेक वर्षात रस्त्यावरून नाहीशा झाल्या. चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला, गाड्यांची कोंडी कमी झाली हे खरंय, पण एवढ्या रॅम्पच्या जाळ्यात सायकलवाल्याने आणि चालणाऱ्याने नक्की कुठून जायचं हे मला अजून उभं राहून बघावं लागतं. आणि मग जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, देशोदेशीचे रायडर आले, चार टप्पे, शहरातली प्रोलॉग (सुरुवातीची छोटी फेरी), त्या मार्गावरचे रस्ते आधी गुळगुळीत करून ठेवले. मी मुलीला घेऊन बघायला गेलो होतो, अंगावर काटा आला, आपल्या ओळखीच्या रस्त्यावरून एवढ्या वेगाने तो पुंजका गेला. मला त्या शर्यतीचा अभिमान आहे. पण त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन काका, जे धायरीहून बिनगिअरच्या काळ्या सायकलवर येतात, खड्डा चुकवताना पडले आणि त्यांचं मनगटाचं हाड मोडलं. त्यांचा रस्ता कुठल्याच टप्प्यात नव्हता. ते कुठल्या सायकल ग्रुपमध्ये नाहीत, त्यांचं मत कोणी विचारत नाही, आणि खरं बघितलं तर शहरात रोज सगळ्यात जास्त किलोमीटर हेच लोक चालवतात. मी त्यांच्या सायकलला मागे दिवा लावून दिला आणि त्या खड्ड्याची तक्रार फोटोसकट टाकली, तिसऱ्यांदा टाकल्यावर बुजवला. तुम्ही पण चालवायला लागलात की दिसलेल्या प्रत्येक खड्ड्याची तक्रार टाकत चला.

सुरुवात अशी करा. सायकल आली की पहिल्या रविवारी सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावरून ऑफिसपर्यंत जाऊन या, हायवेच्या मुख्य लेनमध्ये न शिरता सर्व्हिस रोड कुठे तुटतो, कुठे उतरून सायकल हातात धरून क्रॉस करायला लागतं ते बघून घ्या. पुढच्या रविवारी परत. मग सोमवारी थोडं लवकर, साडेसातला निघा, तेव्हा स्कूलबसची गर्दी संपत आलेली असते आणि ऑफिसची सुरू व्हायची असते. ऑफिसमध्ये एक शर्ट आणि टॉवेल ठेवून द्या. आणि घेण्याआधी दुकानातून सायकलचा फोटो आणि तुमची उंची इथेच कमेंटमध्ये टाका, फ्रेमची साइझ बघून सांगतो.