कागदात बांधलेली भाकरी

प्रश्न : तेरा वर्षांचा माझा मुलगा वडिलांनी मारलं म्हणून रेल्वेत बसून निघून गेला. ताकारीला उतरला आणि रुळाच्या कडेकडेनं चालत तिसऱ्या दिवशी घरी आला. आता बोलत नाही. उरलेली भाकरी कागदात बांधून दप्तरात ठेवतो. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ती भाकरी काढून घेऊ नका. सातवीत असताना मीही पळालो होतो, साताऱ्याहून. कराडच्या पुढं पाय सुजले, तेव्हा बीडकडच्या एका ऊसतोड कुटुंबानं पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, घेतलं. त्या बाईनं भाकरी मोडली, मोठा तुकडा मला दिला. तिची पोरगी चटणीचं बोट चाटत माझ्याकडं बघत बसली. पहाटे सगळे बैलगाडीतून फडात गेले. पोरगीही, धाकट्याला काखेत मारून. घरी आल्यावर मार बसलाच (आमच्याकडं तो चुकायचा नाही), पण बोचत राहिला तो तुकडा.

'का गेलास' राहू द्या. 'कुणाकडं जेवलास?' एवढंच विचारा. वडिलांचा हात मात्र आधी थांबला पाहिजे, नाहीतर माझं लिहिणं फुकट. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर त्याला पाठ करून द्या. आणि भाकरी पोचवायला जायचं म्हणाला, तर सोबत जा. कोप्या साधारण मार्चपर्यंत असतात.