बसला म्हणजे चालला असं नाही

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत. प्रोसेसर भारीतला घेतला, आता मदरबोर्ड हलका चालेल का? स्वस्त बोर्डाला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो 'काय होत नाही हो, घेऊन जा'ला.

प्रश्न : जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम एएम५च्या बोर्डात चालेल का? (मिरज)

नाही. एएम५ हे एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा; तिथे डीडीआर५ लागते. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवू नका.

प्रश्न : रायझन ७ ७७०० घेतोय. ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) करणार नाही. ए६२० घेऊ की बी६५०? (तासगाव)

ए६२० आणि बी६५० ही चिपसेटची, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपची नावं; ए६२० हलका, बी६५० त्यावरचा. ७७०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर, जोर लावला तरी ८८ वॉटच्या आसपास थांबतो. बरा ए६२० पुरेल. पण एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ द्यायचं जाहीर केलंय. दोन वर्षांनी त्यात ७९५०एक्ससारखा २३० वॉटपर्यंत जाणारा चढवायचं मनात असेल, तर आजच बी६५० घ्या. पैसे मोजायच्या आधी बोर्डाचं पूर्ण मॉडेल कळवा. एकाच चिपसेटच्या दोन बोर्डांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

प्रश्न : कोअर आय९ १४९००केसाठी दुकानदाराने एच६१० बोर्ड सुचवलाय. कंपनीच्या यादीत हा प्रोसेसर आहे, आणि व्हिडिओतही चालताना पाहिलाय. घेऊ का? (विटा)

एच६१० हा इंटेलचा हलका चिपसेट. यादीत आहे, खरं आहे. बसतो, सुरूही होतो. विहिरीवर साडेसातची मोटार बसवून तिला घरातल्या पंख्याची वायर जोडली, तर तीही सुरू होते. किती वेळ, हा प्रश्न आहे.

पॉवर सप्लायमधून बोर्डाला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्ट. हे उतरवायचं काम सॉकेटभोवतीच्या मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या चिपा) आणि चोकचं (तारेची वेटोळी), त्यालाच व्हीआरएम म्हणतात. १४९००के इंटेलच्याच आकड्यांनुसार २५३ वॉटपर्यंत जातो. सव्वा व्होल्टला २५३ वॉट म्हणजे दोनशे अँपिअर. त्यात दहा टक्के वाया गेले धरा, तर पंचवीस वॉट नुसती उष्णता. माझ्या टेबलावरची सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचीच आहे. ती टेकवून ठेवल्यासारखा तो कोपरा तापतो, आणि एच६१०च्या बऱ्याच बोर्डांवर तिथे हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसतो.

एप्रिलमध्ये विश्रामबागेतून एक आर्किटेक्ट आय९चं मशीन घेऊन आले. जोडणी बाहेरगावच्या एका दुकानाची. तक्रार अशी की, रेंडर (आराखड्याचं चित्र तयार करायचं काम) पहिली दोन-तीन मिनिटं पळतं आणि मग रांगतं. तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून बसलो. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, पाच गिगाहर्ट्झच्या वर, आणि बघता बघता दोनच्या खाली. प्रोसेसर थंडच होता. व्हीआरएम तापला की बोर्डच प्रोसेसरचा लगाम खेचतो. मॉसफेटवर चकचकीत काळं कवच होतं, त्यांना वाटलं हीटसिंक. नखाने वाजवून बघितलं, प्लास्टिक!

त्यातून आणखी एक घोळ होता, लिक्विड कूलर. साध्या हवेच्या कूलरचा पंखा सॉकेटच्या आजूबाजूलाही थोडी हवा देतो. लिक्विड लावला की ती हवाही गेली. दिवे लागतात, दिसतं भारी, आणि व्हीआरएम उपाशी. आम्ही बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट १२५ वॉट केली आणि त्या कोपऱ्यावर एक पंखा लावला. काम सुरळीत झालं. पण मग आय९ कशाला घेतला, हे त्यांनीच विचारलं.

खोक्यावरच्या '१२+१' फेजवरही जाऊ नका; फेज म्हणजे व्हीआरएममधला भार वाटून घेणारा एकेक भाग. काही बोर्डांत दोन-दोन फेज एकाच सिग्नलवर चालवून आकडा फुगवलेला असतो. फेज किती यापेक्षा मॉसफेट किती अँपिअरचे आणि वर धातू आहे का, हे बघा. व्हिडिओवाला दहा मिनिटांचा बेंचमार्क दाखवतो, तोही एसीत. तुम्ही विट्यात मे महिन्यात अर्धा तास चालवून बघा. हा प्रोसेसर नक्की असेल, तर व्हीआरएमवर जाड हीटसिंक असलेला बी७६० तरी घ्या, ओव्हरक्लॉक करायचं असेल तर झेड७९०. कॅबिनेटमधले दिवे कमी करा, पैसे तिथून निघतील. आणि घेण्याआधी एकदा दाखवा.

प्रश्न : १३व्या पिढीचा आय७ आहे. बायोस अपडेट कधीच केला नाही. मित्र म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नको. (कुपवाड)

मित्राला चहा पाजा आणि अपडेट करा. १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत होता. ऑगस्ट २०२४पासून इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिलाय, तो बोर्ड कंपनीच्या बायोसमधूनच येतो. इतके दिवस थांबलात हेच चुकलं. झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही. गेम मधेच बंद पडत असेल तर बिल शोधा. बाधित मॉडेलांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षं वाढवली होती. अपडेट यूपीएसवरच करा, आपल्याकडच्या लाइटचा भरवसा नाही. हात कापत असेल तर जवळच्या जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न : रायझन ९ ७९००एक्सवर चार रॅम लावल्या तर वेग दुप्पट होईल का? (जत)

होणार नाही, कमीच होईल. एएमडीच्या हिशेबात दोन रॅमना ५२०० (एमटी/से, रॅमचा वेग), चार लावल्या तर ३६००. दोन मोठ्या घ्या.

प्रश्न : पाहुण्यांचा जुना झेड६९० बोर्ड निम्म्या किमतीत मिळतोय. २०२४च्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा भिजला होता, पण वाळवल्यावर चालू झाला म्हणतात. (पलूस)

२०१९च्या पुरानंतर असे वाळवलेले बोर्ड माझ्याकडे पोत्याने आले होते. काही चालू झाले आणि महिन्या-दोन महिन्यांत मेले. सॉकेटच्या पिनांखाली आणि चोकच्या बुडाशी गाळ राहतो, मग हिरवट गंज चढतो. तो वरून दिसत नाही. त्यावर तुमचा महागाचा प्रोसेसर लावून बघायची परवानगी मी देणार नाही. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून घ्यायचाच असेल, तर आधी तो नुसता घेऊन माझ्याकडे या. प्रोसेसर घरी ठेवा.