ई-पुस्तकात सूची ठेवायची की गाळायची?

तुमच्या आजोबांच्या ग्रामइतिहासाला शेवटी वीस पानांची नामसूची आणि स्थलसूची आहे. ई-पबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात, पानं राहत नाहीत, शोधाची सोय असतेच, मग सूची गाळली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत.

गाळू नका, ही कळकळीची विनंती. मराठीत नुसता शोध फार तोकडा पडतो. 'विहीर' टाकलंत तर 'विहिरीवर' सापडत नाही, 'पाऊस' टाकलात तर 'पावसाने' नाही, 'पुणे' टाकलंत तर 'पुण्याहून' नाही. सामान्यरूप झालं की शब्दाचं अंगच बदलतं. 'फुले' शोधाल तर जोतीरावांबरोबर बागेतली फुलेही येतील. सूची करणाऱ्याने मात्र जोतीबा, जोतीराव, महात्मा फुले हे सगळं एका नोंदीखाली आणलेलं असतं.

आता प्रत्यक्ष काम. छापील प्रत शेजारी ठेवा. सूची ज्या आवृत्तीची, तीच आवृत्ती हवी, कारण पुढच्या आवृत्तीत पानं सरकलेली असतात. मजकुरात जिथे नवं छापील पान सुरू होतं तिथे न दिसणारी खूण, म्हणजे अँकर, घाला. शब्द मध्येच तुटून पुढच्या पानावर गेला असेल तर खूण त्या शब्दाच्या आधी. खुणेचं नाव रोमन अक्षराने सुरू करा, आकड्याने नको. मग सूचीतल्या प्रत्येक पृष्ठांकाला त्याच्या खुणेचा दुवा द्या. रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर शोधून बदलणाऱ्या सूत्राने, हे झटपट होतं, पण अंकांसाठीचं नेहमीचं चिन्ह देवनागरी अंक पकडेलच असं नाही. ०-९ असा पट्टाच लिहा. आणि '१८५७चा उठाव' अशा नोंदींवर नजर ठेवा, नाहीतर सनालाही पानाचा दुवा लागतो!

एवढ्यावरही सूची चालते. पण छापील एक पान मोबाइलवर तीन-चार पडदे व्यापतं आणि वाचक नाव हुडकत बसतो. म्हणून निदान मोठ्या नोंदींची खूण थेट परिच्छेदाला लावा. एका चरित्रासाठी मी सगळ्याच नोंदी अशा लावल्या. दोन महिने गेले, तरी पुन्हा तसंच करेन. सूचीतले तळटीपांचे संदर्भ थेट टीपेलाच जोडा, कारण ई-पुस्तकात त्या सहसा प्रकरणाच्या किंवा पुस्तकाच्या शेवटी जातात. छापील पृष्ठांक मात्र आहेत तसेच दिसू द्या. संदर्भ देणाऱ्यांना ते लागतात.

नोंदींचा क्रम संगणकाकडून नव्याने लावून घेऊ नका. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या, नुसत्या क्रमाने 'ज्ञानेश्वर' ज-मध्ये आणि 'क्षत्रिय' क-मध्ये जाऊन बसतात, 'काळ' हा 'काव्य'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. छापील क्रम तसाच ठेवा.

दोन स्तंभांची मांडणी एकाच स्तंभात आणा आणि पृष्ठांकांमध्ये जागा सोडा, नाहीतर बोट शेजारच्या अंकावर पडतं. शेवटी फोनवर उघडून 'पहा' असलेल्या, म्हणजे दुसऱ्या नोंदीकडे पाठवणाऱ्या, नोंदी आधी दाबून बघा. त्यांचेच दुवे राहून जातात.