पहिला फ्लॅटबेड घेताना

भावा, ट्रेलर बघायला जाण्याआधी माल ठरव. सळ्या, पाइप, लाकूड भरणार असशील तर साधा फ्लॅटबेड, म्हणजे बाजू-छत नसलेला सपाट ट्रेलर, पुरतो. उंच यंत्रं न्यायची असतील तर स्टेप डेक, म्हणजे पायरीसारखा दोन पातळ्यांचा फ्लॅटबेड, बघ. मागचा भाग खाली असल्याने उंचीच्या मर्यादेत बसतं.

ॲल्युमिनियमचा ट्रेलर हलका, म्हणजे तेवढा माल जास्त घेता येतो. पण महाग, आणि त्याचं वेल्डिंग कुणालाही जमत नाही. एकाच जागी भार देणारी पोलादी कॉइल (पत्र्याची जड गुंडाळी) न्यायची तर मी लोखंडीच घ्यायला सांगेन.

जुना घेत असशील तर रंगाला भुलू नकोस. बॅटरी घेऊन खाली शीर. मुख्य बीमला आडवे बीम जोडलेत तिथे गंजाची बारीक रेघ दिसली की बहुतेक तडा असतो. तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर संशय आणखी पक्का. टायर एकाच कडेने घासलेत? ॲक्सलची अलाइनमेंट तपासून घे. किंगपिनची, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या पुढच्या खुंटीची, झीज गेजने मोज. शेवटी रिकामा ट्रेलर बाजूने बघ. मधोमध किंचित वर उचललेला किंवा सरळ असेल तर ठीक; रिकामाच खाली झुकलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.