मालकी सिद्ध कराल हो, पण मुदतीचं काय?

नागपूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. त्यांच्या आजोबांची एमजी टीसी, म्हणजे जुन्या ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार, साठच्या दशकात मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उलटली. रेल्वेने ती नागपूरला आणली आणि कामठी रोडवरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे, गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ठेवली. आजोबा गेले, मिस्त्री गेले, वडीलही गेले. आता मिस्त्रीचा नातू तो सांगाडा मुंबईच्या एका संग्राहकाला विकायला निघालाय. वाचक विचारतात, गाडी आमच्या घराण्याची होती हे कोर्टात कसं सिद्ध करायचं?

अशी पत्रं वरचेवर येतात. गाडीच्या जागी कधी ट्रॅक्टर असतो, कधी पिठाची गिरणी. प्रत्येक पत्रात फोटोंवर पानंच्या पानं असतात आणि कामाची ओळ कुठेतरी कोपऱ्यात, ‘ता.क.’ म्हणून. तुमचंही तेच. ता.क.मध्ये तुम्ही लिहिता की 14 नोव्हेंबर 2023 ला, पाडव्याच्या दिवशी, तुम्ही त्या नातवाला व्हॉट्सॲप केलं, ‘भाऊ, आमची गाडी कधी नेऊ?’ त्याचं उत्तर आलं, ‘गाडी तुमच्या आबाजीनं ठेवली होती हे खरं, पण पन्नास वर्षं जागा अडवली. भाड्यातच गेली ती. आता भेटणार नाही.’ तुम्ही रागाने फोन ठेवून दिला आणि त्यानंतर काहीच केलं नाही.

तुमची सगळी केस या दोन मेसेजमध्ये आहे. मुदत कायदा, 1963 चा अनुच्छेद 70 बघा. ठेवायला दिलेली जंगम वस्तू ठेवून घेणाऱ्याकडून परत मिळवण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. ती मोजायची मागणी केल्यानंतर नकार मिळाला त्या तारखेपासून. म्हणजे साठच्या दशकापासून गाडी तिथे पडून आहे याची एकवेळ फिकीर करू नका. फिकीर पाडव्याच्या मेसेजची करा. मागणी तुम्ही केलीत, नकार त्याने दिला, तोही लेखी. मुदत संपते 14 नोव्हेंबर 2026 ला. त्या दिवशी दुसरा शनिवार आहे आणि दिवाळी नुकतीच झालेली असेल, तेव्हा शेवटच्या दिवसावर भिस्त ठेवू नका.

मुदत टळली तर काय होतं, हे लोकांना खरंच वाटत नाही. त्याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे दावा करण्याचा हक्क तर जातोच, वस्तूवरची मालकीही संपते. मग आजोबांचा कप, वर्तमानपत्रातलं कात्रण, शोलावरमचा फोटो, सगळं दिवाणखान्यात छान दिसेल. वकिलाची नोटीस पाठवून मुदत वाढत नाही. पोलिसांत अर्ज दिल्यानेही नाही. पुन्हा ‘भाऊ, गाडी द्या’ असा मेसेज केलात तर नवी तीन वर्षं मिळतील, असं कुणी सांगितलं असेल तर त्याचं ऐकू नका.

पण तोच मेसेज तुमच्या बाजूचाही आहे. गाडी ज्याच्या ताब्यात त्याची, असं कायदा सुरुवातीला धरून चालतो. मात्र ‘आबाजीनं ठेवली होती’ असं लिहून त्याने गाडी कुठून आली ते कबूल केलंय. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 123 सांगतं की वस्तू ठेवून घेणाऱ्याला, ठेवणाऱ्याचा तेव्हा हक्कच नव्हता असं नंतर म्हणता येत नाही. त्यामुळे ‘हा मेसेज कुठे आहे?’ हा माझा पहिला प्रश्न होता. तुमचं उत्तर, जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, स्क्रीनशॉट आहे. अहो, फोन कशाला दिलात? मेसेजसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्यात एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि मूळ चॅट नसेल तर तज्ज्ञ तरी काय तपासणार? नव्या फोनवर बॅकअप उतरला असेल तर ते चॅट पुसू नका आणि तो फोन मुलांच्या हातात देऊ नका.

समोरचा वकील काय म्हणेल तेही सांगतो. करार कायद्याच्या कलम 162 नुसार फुकट ठेवलेल्या वस्तूचा व्यवहार दोघांपैकी एकाच्या मृत्यूने संपतो. मग आजोबा गेले तेव्हाच मुदत सुरू झाली, असा युक्तिवाद होईल. माझ्या मते अनुच्छेद 70 मधले ‘मागणीनंतर नकार’ हे शब्द त्याला पुरून उरतात, पण हमी देणार नाही. भाड्याचं म्हणाल, तर कलम 170 चा ताबा ठेवण्याचा हक्क मेहनत आणि कसब लावून केलेल्या कामासाठी आहे. नुसत्या जागेसाठी तो टिकणं कठीण. मिस्त्रीने खरंच दुरुस्ती केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता पुरावे. फोटोत गाडीत बसलेला माणूस गाडीचा मालक असतोच असं नाही. त्या काळी मालक एक आणि चालवणारा दुसरा, असं सर्रास व्हायचं. ट्रंकेत ‘रेल्वेची कसलीशी पावती’ आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ती काढा. माल घेणारा म्हणून तिच्यावर आजोबांचं नाव असेल तर ती शंभर फोटोंना भारी आहे. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून आला तर त्याच्या सही-अक्षराबद्दल कोर्टाला गृहीत धरता येतं. तिला लॅमिनेशन करू नका.

आरसी बुकाच्या झेरॉक्सवरून तुम्ही ‘चॅसिस नंबर’ म्हणून जो दिलाय तो एक्सपीएजीने सुरू होतो. तो इंजिनाचा नंबर आहे. शर्यतीच्या गाडीत इंजिन बदललेलं असणार, त्याच्यावर दावा उभा करू नका. टीसीचा चॅसिस नंबर ‘टीसी’ आणि पुढे आकडे असा असतो. तो चॅसिसच्या डाव्या पट्टीच्या पुढच्या टोकावर ठोकलेला सापडतो. गंज असेल तर सँडपेपर लावू नका. आरटीओत घेतात तशी पेन्सिलने छाप घ्यावी लागेल, आणि ती तुम्ही नव्हे, कोर्टाने पाहणीसाठी नेमलेल्या कमिशनरने घ्यावी. म्हणून दाव्यासोबतच दोन अर्ज द्या. एक विक्री थांबवण्याचा मनाईहुकूम आणि दुसरा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39, नियम 7 खाली पाहणी व जतनाचा. मूळ दावा न्यायमंदिरात तारखा खात पडेल, तोवर उरलासुरला पत्राही गंजेल. पहिल्या महिन्यात या दोन अर्जांवर काय होतं त्याच्यावर सगळं आहे. पैसे घेऊन गप्प बसा असं कुणी म्हणालं तर विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 8 दाखवा. जिची भरपाई पैशांत होत नाही अशी वस्तूच परत मागता येते.

आरटीओचं जुनं रजिस्टर मिळालं तर उत्तम. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतं, नंतर मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात, त्यामुळे नोंद कुठल्या दप्तरात असेल ते शोधावं लागेल. माहिती अधिकारात अर्ज टाका, पण उत्तराची वाट बघत दावा अडवू नका. व्हिंटेज नोंदणीचं तुम्ही विचारलंय, ते गाडी हातात आल्यावर.

आणि अमरावतीच्या आत्या. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे मुलगी म्हणून त्यांचाही वाटा आहे. त्यांना वादी करा, नाही म्हणाल्या तर प्रतिवादी करा. ‘त्यांना गाडीत रस नाही’ हे तुम्ही लिहून चालत नाही. या आठवड्यात त्यांच्याकडे जा आणि वकीलपत्रावर सही घेऊन या.