घर्षण वेल्डिंगचा प्रकल्प आणि पुढचे शिक्षण

यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात तुम्ही अ‍ॅल्युमिनिअम आणि स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घर्षण वेल्डिंगने जोडत आहात, घर्षणाचा वेळ वाढवत नेला तरी ताणचाचणीत सांधा जोडरेषेवरच तुटतो, आणि म्हणून या विषयात एम.टेक. करावे की सॉफ्टवेअरकडे वळावे, असे तुम्ही विचारले आहे. केवळ या अपयशामुळे विषय सोडू नये, असे माझे मत आहे.

या पद्धतीत धातू वितळवायचे नसतात. एक सळई फिरवत दुसरीवर दाबतात; घासून मऊ झालेला थर कडेने बाहेर पडतो आणि फिरणे थांबताच वाढवलेल्या दाबाने सांधा बसतो. घर्षण लांबले की उष्णता साचते आणि लोह व अ‍ॅल्युमिनिअम यांच्या ठिसूळ संयुगांचा थर जाड होत जातो. तो काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) पुढे गेला की सांध्याची ताकद घटते. त्यामुळे वेळ कमी करून शेवटचा दाब वाढवून पाहावा, आणि सळ्यांची तोंडे लेथवर अक्षाशी काटकोनात सपाट कापून (फेसिंग करून), जोडण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसावीत. तुटलेले तुकडेही नीट पाहा. स्टीलच्या तोंडावर सर्वत्र अ‍ॅल्युमिनिअम चिकटून राहिले असेल, तर सांधा बरा आहे. मध्यभाग कोरा असेल, तर तिथे जोड बसलेलाच नाही, कारण फिरणाऱ्या सळईच्या केंद्रापाशी घर्षणाचा वेग जवळजवळ शून्य असतो. (हे निरीक्षण अनेक अहवालांत नसतेच.)

आता नोकरीविषयी. केवळ घर्षण वेल्डिंगसाठी म्हणून निघणाऱ्या जागा मोजक्याच, हे आधीच सांगितलेले बरे. मात्र इंजिनाच्या व्हॉल्व्हचे डोके आणि दांडा वेगवेगळ्या पोलादांचे घेऊन याच पद्धतीने जोडतात, विजेच्या केबलच्या टोकाला बसवायच्या तांबे-अ‍ॅल्युमिनिअम जोडतुकड्यांमध्येही (लग्ज) ती वापरतात. त्यामुळे प्रोसेस किंवा मटेरिअल्स इंजिनिअर म्हणून वाव आहे. त्यासाठी एम.टेक. धातुशास्त्रात करावे, असे मी सुचवेन. आयआयटी मुंबई, नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी येथे हा विभाग आहे. गेट या प्रवेशपरीक्षेचा कोणता पेपर चालतो, ते अर्जापूर्वी प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात पाहावे. तिरुचिरापल्लीला भेल या सरकारी कंपनीची वेल्डिंग संशोधन संस्था आहे, तिथे प्रशिक्षणाची संधी आहे का, याचीही चौकशी करा.

सूक्ष्मदर्शकाखालचा थर तासन्‌तास न्याहाळणे तुम्हाला मनापासून कंटाळवाणे वाटत असेल, तर मात्र सॉफ्टवेअरचा विचार अवश्य करा. तोवर प्रत्येक तुकड्यावर वेग, दाब आणि वेळ लिहून तो जपून ठेवा. मुलाखतीत त्यांवरच प्रश्न येतील.